डिस्क संपल्या तरी गेमचं दुकान कसं चालवायचं

गेल्या दिवाळीत एक काका दुकानात आले. ऑनलाइन सेलमधून मुलासाठी पीएस५, म्हणजे सोनीचा गेमचा कन्सोल, घेतलेला आणि आता माझ्याकडे क्रिकेटची डिस्क मागत होते. मी विचारलं, काका, मशीनला डिस्क टाकायची फट आहे का? म्हणाले, तशी काही दिसली नाही बुवा. म्हणजे डिजिटल एडिशन, त्यात गेम फक्त डाउनलोड होतात. तेव्हा डिस्क विकून मोकळा झालो असतो तर तासाभरात परत आले असते आणि पुन्हा कधी पायरी चढले नसते. मी त्यांना टॉप-अप कोड दिला, म्हणजे अकाउंटमध्ये गेमसाठी पैसे भरायचा कोड, त्यांच्या नावाचं अकाउंट उघडून मुलाचं अकाउंट त्याच्याखाली जोडलं, महिन्याला किती खर्च करता येईल याची लिमिट लावली, रोज किती वेळ खेळायचं तेही लावून दिलं. सेटअपचे पैसे त्यांनी एक शब्द न बोलता दिले, आणि नंतर सोसायटीतल्या तिघांना माझ्याकडे पाठवलं.

डिस्क जाणार म्हणून रडणाऱ्या सगळ्या दुकानदार भावांना मला हेच सांगायचंय. डिस्क विकत घेणारा कमी होईल, पण अडलेला माणूस दुकानातच येणार, तेव्हा दुकान त्याच्यासाठी लावा.

डिस्क खरंच जातायत, यात आता शंका ठेवू नका. भारतात पीएस५ आला २ फेब्रुवारी २०२१ ला, डिस्कवाला ४९,९९० आणि बिनडिस्कवाला ३९,९९०, म्हणजे पहिल्याच दिवशी दहा हजारांचा फरक, तिथेच कितीतरी लोक तिकडे गेले. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सीरिज एसला डिस्क ड्राइव्ह नाहीच. पीएस५ प्रोमध्ये पण ड्राइव्ह आत नाही, वेगळा घ्यावा लागतो. अॅलन वेक २ सारखा मोठा गेम २०२३ मध्ये फक्त डिजिटल आला, त्याची डिस्क यायला वर्ष लागलं. आणि पीसीच्या डिस्क तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पण आता शोधाव्या लागतात.

सगळ्यात आधी वही काढा. मागच्या बारा महिन्यांची बिलं घ्या आणि नव्या डिस्क, जुन्या डिस्क, कन्सोल, कंट्रोलर, रिपेअर, टॉप-अप असे वेगवेगळे गठ्ठे करा. विक्री किती झाली हे बघू नका, हातात किती उरले ते बघा. मी हे केलं तेव्हा कळलं की समोरची अख्खी भिंत नव्या डिस्कने भरलेली आणि मागच्या टेबलावरचं कंट्रोलर रिपेअर तिच्यापेक्षा जास्त देत होतं. त्याच आठवड्यात टेबल पुढे आणलं.

पण म्हणून डिस्क एकदम फेकून देऊ नका हं. पीएस४ वाले अजून भरपूर आहेत, डिस्कवाल्या पीएस५ वर पीएस४ च्या डिस्क चालतात, आणि जुनी डिस्क देऊन दुसरी न्यायची सवय आपल्याकडे पक्की आहे. डिजिटलमध्ये खेळून झालेला गेम विकता येत नाही हे ज्याला कळतं तो डिस्क सोडत नाही. फक्त माल निवडून ठेवा. गोष्टीचे गेम, लहान मुलांचे गेम, दोघांनी सोफ्यावर बसून खेळायचे गेम, हे वर्षानुवर्षं खपतात. फुटबॉलचा दरवर्षीचा गेम सप्टेंबरच्या आत काढून टाका, नवा आला की जुन्याला कोणी हात लावत नाही. कंपनीच्या सर्व्हरशिवाय न चालणारे गेम जुन्यात घेऊच नका. द क्रू या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि डिस्क असून पण तो गेम सुरू होत नाही. डबा दिसतो पण आत फक्त कोडचा कागद असतो असे पण येतात, तो कोड एकदा वापरला की डब्याची किंमत शून्य. निन्टेन्डोच्या स्विच २ कन्सोलच्या काही कार्डांत गेम नसतोच, फक्त किल्ली असते, गेम डाउनलोडच करावा लागतो. ते कार्ड पुढे विकता येतं पण गिऱ्हाईकाला आधी सांगा, नाहीतर घरी नेट स्लो असलेला माणूस तुमच्यावर चिडणार. नव्या स्लिम पीएस५ ला नंतर ड्राइव्ह लावता येतो, तो एखादा स्टॉकमध्ये असू द्या, आणि पहिल्यांदा लावताना नेट लागतं हे पण सांगा.

आता रिपेअर. इथे मन लावून वाचा, कारण माझ्या मते पुढची दहा वर्षं दुकानाचं भाडं यातूनच निघणार आहे. गेम डाउनलोड होतो, टीव्हीची केबल लावायचा एचडीएमआय पोर्ट डाउनलोड होत नाही. सगळ्यात जास्त येणारं काम म्हणजे कंट्रोलरची काडी आपोआप सरकणं, ड्रिफ्ट. नुसतं साफ करून आठवडाभर चालतं आणि परत येतं, म्हणून मॉड्यूलच बदला, हॉल इफेक्टवाला, म्हणजे चुंबकावर चालणारा, लावलात तर घासून खराब होत नाही, पण लावल्यावर कॅलिब्रेट करावा लागतो, म्हणजे काडीची मधली जागा जुळवावी लागते, ते शिकून घ्या. दुसरं काम एचडीएमआय पोर्ट, कारण लोक मशीन ओढतात नाहीतर केबल उलटी घुसवतात. तिसरं म्हणजे साफसफाई. आपल्याकडची धूळ, कोकणपट्टीची दमट हवा, पीएस४ च्या आत झुरळांची वसाहत, हे मी रोज बघतो, आणि विजेच्या चढउताराने पॉवर सप्लाय जातो ते वेगळंच.

सामान म्हणाल तर चांगलं सोल्डरिंग स्टेशन, हॉट एअर, भिंग किंवा मायक्रोस्कोप, फ्लक्स, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मध्ये भोक असलेला टी८ टॉर्क्स आणि निन्टेन्डोसाठी तीन पात्यांचा स्क्रूड्रायव्हर. हात बसेपर्यंत बंद पडलेल्या बोर्डांवरच प्रॅक्टिस करा, गिऱ्हाईकाच्या मशीनवर नाही. पीएस५ च्या चिपवर उष्णता वाहून न्यायला लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू, असतं, ते सांडून बोर्डावर गेलं तर शॉर्ट होतो, म्हणून नवशिक्याने तिथपर्यंत जाऊच नये. वॉरंटीत असलेलं मशीन उघडू नका, सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा रस्ता दाखवा, त्यात तुमचं नुकसान नाही, तो माणूस वॉरंटी संपल्यावर तुमच्याकडेच येतो.

आणि मशीन हातात घ्यायच्या आधी सेव्हचं विचारा, म्हणजे गेम कुठपर्यंत खेळलाय त्याची नोंद. पीएस४ चे सेव्ह पेनड्राइव्हवर घेता येतात. पीएस५ च्या गेमचे सेव्ह तसे सुटे निघत नाहीत, क्लाउडवर असावे लागतात नाहीतर अख्ख्या मशीनचा बॅकअप घ्यावा लागतो. एका शाळकरी मुलाचे दोन वर्षांचे सेव्ह माझ्या हातून गेलेत, त्याचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून पावतीवरच रकाना केलाय, सेव्ह कुठे आहेत, समोर सही.

जुने कन्सोल घेणं-विकणं हा दुसरा आधार. घेताना ओळखपत्राची झेरॉक्स, मूळ बिल, डब्यावरचा आणि मशीनवरचा सीरियल नंबर जुळतोय का, हे सगळं झाल्याशिवाय पैसे काढू नका, चोरीचा माल निघाला तर पोलीस आधी तुमच्याकडे येतात. मशीन नेटला जोडून लॉगिन करून बघा, कंपनीने बॅन केलेलं मशीन वरून अगदी नवं दिसतं, मी एकदा फसलोय. अर्धा तास जड गेम चालवा, पंख्याचा आवाज ऐका, डिस्क वाचतोय का बघा, सगळे यूएसबी, वायफाय, दोन्ही काड्या. मग मालकाला त्याच्या हाताने त्याचं अकाउंट मशीनवरून काढून टाकायला लावा आणि समोरच रीसेट मारा. जीएसटीचं एक लक्षात ठेवा, जुन्या वस्तूंचा व्यवहार करणाऱ्यांना नियम ३२(५) मध्ये खरेदी आणि विक्रीतल्या फरकावरच कर भरायची सोय आहे, पण त्या खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलेलं नसलं पाहिजे. सीएला नियमाचा नंबर सांगून विचारा.

डिजिटलवाल्यांसाठी काय काय ठेवायचं? टॉप-अप कोड ठेवा, मार्जिन बारीक आहे पण माणूस परत परत येतो. मात्र अकाउंट कुठल्या देशाचं आहे ते विचारल्याशिवाय कोड देऊ नका, अमेरिकेचा कोड भारतातल्या अकाउंटला चालत नाही. अनोळखी वेबसाइटवरचे फार स्वस्त कोड घेऊ नका, चोरलेल्या कार्डावर घेतलेले असले तर अकाउंट तुमच्या गिऱ्हाईकाचं उडतं. मशीनमध्ये गेमसाठी जास्त जागा म्हणून एसएसडी बसवून द्या, पीएस५ ला चौथ्या पिढीचा, म्हणजे जेन४, आणि हीटसिंकवालाच लागतो. आणि एक सर्व्हिस जी फार कोणी देत नाही, डाउनलोड. १०० जीबीचा गेम घरच्या ५० एमबीपीएसवर साडेचार तास घेतो, दुकानात ३०० चं फायबर असेल तर पाऊण तासात होतो. सकाळी मशीन ठेवून जा, संध्याकाळी गेमसकट न्या.

दोन गोष्टी मात्र करू नका. एक, प्रायमरी-सेकंडरी म्हणून एकच अकाउंट चारजणांना विकणं. सगळीकडे चाललंय हे मला माहितीय, पण ते कंपनीच्या अटींविरुद्ध आहे, आणि अकाउंट लॉक झालं की चौघंही तुमच्या काउंटरवर उभे. दुसरं, डिस्क भाड्याने देणं. कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ मध्ये सॉफ्टवेअर भाड्याने द्यायचा हक्क मालकाकडेच ठेवलाय, गेम त्यातच येतो. एक्स्चेंज करा, भाडं नको.

जागा असेल तर दोन टीव्ही लावून रविवारी स्पर्धा घ्या, पोरं येतात, सोबत कंट्रोलर दुरुस्तीला आणतात. ई-स्पोर्ट्सला सरकारने २०२२ च्या डिसेंबरात मान्यता दिलीय. पण २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आलीय, म्हणून एंट्री फी गोळा करून त्यातून बक्षीस द्यायच्या आधी वकिलाशी बोला. मी बक्षीस म्हणून कंट्रोलर सर्व्हिसिंग फ्री देतो. अमेरिकेतली गेमच्या दुकानांची साखळी गेमस्टॉप आता पोकेमॉन कार्डांवर जोर देतेय, आपल्याकडे ते मुंबई-पुण्यात थोडं चालेल, छोट्या शहरात त्यात पैसे अडकवू नका.

शेवटचं जागेबद्दल. डिस्कच्या भिंती लागत नसतील तर रस्त्यावरचा मोठा गाळा पण लागत नाही. रिपेअरचं गिऱ्हाईक पहिल्या मजल्यावर सुद्धा चढून येतं, पाटी नीट लावलेली आणि नंबर गूगल मॅपवर असला की झालं. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट संपायला आलं असेल तर रिन्यू करायच्या आधी ती बारा महिन्यांची वही एकदा उघडा, आणि मालकाशी अर्ध्या गाळ्याचं बोलून बघा.