लिंकरमध्ये ‘नाही’ एकदाच साठवा

मी विजेच्या मीटरच्या फर्मवेअरवर, म्हणजे मीटरच्या चिपवर चालणाऱ्या प्रोग्रॅमवर, काम करते. चिप एआरएमच्या कॉर्टेक्स-एम जातीची, फ्लॅश (प्रोग्रॅम कायमचा राहतो ती मेमरी) २५६ किलोबाइट, आणि पडद्यावरचे संदेश मराठीत. ‘नोंद सापडली नाही’, ‘सापडली नाही’, नुसतंच ‘नाही’ असे तुकडे वेगवेगळ्या सी फाइलींमध्ये विखुरलेले असतात. कंपायलर, म्हणजे सी कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, एका वेळी एकच फाइल बघतो, त्यामुळे शेजारच्या फाइलीत तोच शब्द आहे हे त्याला कळायला मार्ग नाही. सगळं सामान एकत्र बघणारा पहिला गडी म्हणजे लिंकर: कंपायलरने दिलेल्या ऑब्जेक्ट फाइली जोडून तो एक प्रोग्रॅम बनवतो. त्यामुळे एक स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची मालिका, एकदाच ठेवायची ही जबाबदारी त्याच्याच गळ्यात पडते.

तुम्ही स्वतःचा छोटा लिंकर लिहीत असाल किंवा एखाद्या तयार लिंकरमध्ये हात घालणार असाल, तर आधी दोन कामं वेगळी करा. चिन्हांची नावं, म्हणजे फंक्शन आणि ग्लोबल चलांची नावं, हे एक काम. ती लिंकरला जोडणीसाठी लागतात आणि शेवटी फाइलीच्या ‘.स्ट्रटॅब’ नावाच्या भागात, म्हणजे सेक्शनमध्ये, जातात. माझ्या मीटरमध्ये हा सेक्शन फ्लॅशवर चढतच नाही, तो फक्त डीबगरसाठी (चुका शोधायच्या साधनासाठी) फाइलीत राहतो. दुसरं काम प्रोग्रॅममधल्या स्ट्रिंग लिटरलचं, म्हणजे कोडमध्ये अवतरणांत लिहिलेल्या मजकुराचं. त्या फ्लॅशवर चढतात आणि जागा खातात. पहिल्या कामात वेग वाचवायचा असतो, दुसऱ्यात बाइट. दोन्हींसाठी एकच डेटा स्ट्रक्चर वापरायचा मोह आवरा.

नावांचं काम सोपं आहे. ऑब्जेक्ट फाइल मेमरीत मॅप करा आणि लिंकिंग संपेपर्यंत तशीच राहू द्या. मग नावाची प्रत काढायची गरजच उरत नाही, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आणि लांबी पुरते. नाव पहिल्यांदा दिसलं की त्याला ३२ बिटांचा क्रमांक द्या आणि पुढे सगळीकडे तो क्रमांकच फिरवा. दोन चिन्हं एकच आहेत का, हा प्रश्न मग दोन पूर्णांकांच्या तुलनेवर येतो. लिंकर स्वतः काही नावं तयार करतो, उदाहरणार्थ सेक्शनच्या सुरुवातीची आणि शेवटची. त्यांच्यासाठी एक मोठा सलग ब्लॉक घ्या, त्यात एकापुढे एक लिहीत जा आणि शेवटी सगळा एकदम सोडा. प्रत्येक नावासाठी वेगळा मॅलॉक (मेमरीची मागणी) करू नका.

नाव आधी दिसलं आहे का हे शोधायला हॅश टेबल लागतं; हॅश म्हणजे स्ट्रिंगच्या बाइटांवरून काढलेला आकडा. टेबल ओपन ॲड्रेसिंगचं घ्या, म्हणजे खण भरलेला असेल तर पुढचा खण बघायचा; आकार दोनचा घात. एका खणात ३२ बिटांचा हॅश आणि ३२ बिटांचा क्रमांक, एवढंच. असा खण ८ बाइटचा होतो, ६४ बाइटच्या एका कॅश लाइनमध्ये आठ खण बसतात, आणि टक्कर झाली तरी पुढचे खण बहुतेक वेळा हाताशीच सापडतात. हॅश खणातच ठेवण्याचा दुसरा फायदा म्हणजे टेबल मोठं करताना मूळ स्ट्रिंगांना पुन्हा हात लावावा लागत नाही. तुलना करताना आधी हॅश, मग लांबी, मग बाइट. हॅश जुळला म्हणून स्ट्रिंग जुळली असं कधीही धरू नका. सी++मध्ये हे विशेष जाणवतं: तिथली मँगल केलेली (प्रकारांची माहिती गुंफलेली) नावं लांबलचक असतात आणि त्यांची सुरुवात सारखीच असते, त्यामुळे हॅश आधी न बघता थेट बाइट तपासत बसलात तर दर वेळी बराच वेळ सारख्याच अक्षरांवरून चालत जाल.

हॅश कोणता, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. छोट्या लिंकरला एफएनव्ही-१ए पुरतो: २१६६१३६२६१ पासून सुरुवात, प्रत्येक बाइटशी एक्सॉर, मग १६७७७६१९ ने गुणाकार. एकेक बाइट पुढे जात असल्याने शून्य बाइट शोधणं आणि हॅश काढणं एकाच फेरीत उरकतं. क्रोमसारखं अवाढव्य काही जोडायचं असेल तर एक्सएक्सहॅश हा वेगवान हॅश घ्या, एलएलव्हीएम प्रकल्पाचा लिंकर एलएलडी तोच वापरतो.

‘.स्ट्रटॅब’ लिहिताना एक नियम पाळा. पहिला बाइट शून्यच हवा, म्हणजे ऑफसेट (सुरुवातीपासूनचं अंतर) ० चा अर्थ ‘नाव नाही’ असा होतो. बाकी नावं त्यामागे, प्रत्येकाच्या शेवटी शून्य. एक नाव दुसऱ्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे शेपटीत, बसवायच्या भानगडीत मी इथे पडत नाही. सी++ची मँगल केलेली नावं ‘_झेड’ने सुरू होतात, त्यामुळे एक नाव दुसऱ्याची शेपटी असण्याचा योग फार क्वचित येतो.

खरी मजा लिटरलमध्ये आहे. जीसीसी हा कंपायलर ही लिटरल एका खास सेक्शनमध्ये टाकतो. त्याच्यावर दोन खुणा असतात: ‘एम’ म्हणजे यातले तुकडे एकत्र केले तरी चालतील, आणि ‘एस’ म्हणजे तुकडे शून्याने संपणाऱ्या स्ट्रिंग आहेत. रीडएल्फ या फाइल तपासायच्या साधनाला कॅपिटल ‘एस’चा पर्याय दिला की सेक्शनच्या यादीत या खुणा दिसतात. कंपायलरला ‘-ओ०’ (कोड सुधारत बसू नको) हा पर्याय दिला असेल तर लिटरल साध्या ‘.रोडेटा’त, म्हणजे न बदलणाऱ्या माहितीच्या सेक्शनमध्ये, जातात. तिथे लिंकरने काहीही एकत्र करायचं नाही, कारण तशी परवानगीच नाही.

सेक्शन फोडताना एका अक्षराचा आकार बघा. तो सेक्शनच्या हेडरमध्येच लिहिलेला असतो. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीला तो १ असतो, त्यामुळे पहिल्या शून्य बाइटवर तुकडा संपतो. यूटीएफ-१६ ला तो २ असतो, आणि तिथे दोन्ही बाइट शून्य असलेलं अक्षर शोधावं लागतं. नाहीतर साधी मोकळी जागासुद्धा स्ट्रिंग कापून टाकेल, कारण तिचे बाइट सोळाच्या पायात २० आणि ०० असतात.

फोडलेले तुकडे वरच्यासारख्याच हॅश टेबलमधून काढले की नकला गेल्या. आता शेपट्या. ‘नोंद सापडली नाही’ यात १४ देवनागरी चिन्हं आहेत, मात्रा आणि अनुस्वार वेगळे धरून. प्रत्येकी ३ बाइट, दोन मोकळ्या जागा आणि शेवटचं शून्य मिळून ४५ बाइट. ‘सापडली नाही’ ३२ आणि ‘नाही’ १३. सुटे ठेवले तर ९०. पण लहान दोन्ही मोठ्याच्या शेपटीत आधीच आहेत: एक १३ व्या ऑफसेटवर, दुसरा ३२ व्या. म्हणजे ४५ बाइटमध्ये तिघांची सोय होते. यूटीएफ-८ मध्ये अक्षर मधेच तुटेल अशी भीती नको. कुठलीही वैध स्ट्रिंग अक्षराच्या मधल्या बाइटने सुरू होत नाही, त्यामुळे शेपटी जुळली तर ती अक्षराच्या हद्दीवरच जुळते.

शेपट्या शोधण्यासाठी सगळ्या स्ट्रिंग उलट्या वाचून उतरत्या क्रमाने लावा. दुसरीच्या पोटात बसणारी स्ट्रिंग मग तिला सामावणाऱ्या एखाद्या स्ट्रिंगच्या लगेच मागे येते. मग यादीतून एकदाच जायचं आणि आधीच्या स्ट्रिंगचा शेवट आपल्याशी जुळतो का, एवढंच विचारायचं. एलएलव्हीएममध्ये यासाठी बेंटली आणि सेजविक यांचा १९९७ चा मल्टिकी क्विकसॉर्ट वापरला आहे, फक्त शेवटच्या अक्षरापासून सुरू केलेला. तो सारख्या शेवटाची तुलना पुन्हा पुन्हा करत नाही.

इथपर्यंतचं पुस्तकी. माझ्या चिपवर अडतं ते अलाइनमेंटवर, म्हणजे पत्त्याला ठरावीक आकड्याने भाग जायला हवा या अटीवर. एआरएमसाठीचा जीसीसी वेगासाठी प्रत्येक लिटरल ४ बाइटच्या हद्दीवर ठेवतो आणि सेक्शनचं नाव ‘.रोडेटा.एसटीआर१.४’ होतं. १३ ला ४ ने भाग जात नाही, त्यामुळे ‘सापडली नाही’ला मोठ्या स्ट्रिंगच्या पोटात जागा नाही, ती वेगळी लिहावी लागते. ३२ ला मात्र जातो, म्हणजे ‘नाही’ला मोठ्या स्ट्रिंगमध्ये जागा आहे. पण क्रमाने बघितलं तर ‘नाही’च्या आधी ‘सापडली नाही’ उभी असते आणि तिच्यातला ऑफसेट १९, ज्याला ४ ने भाग जात नाही. फक्त आधीच्या स्ट्रिंगला विचारणारा लिंकर इथे संधी हुकवतो.

ग्नू एलडी या लिंकरने यावर काढलेली तोड मला फार आवडते. तो उलट्या क्रमाच्याही आधी लांबीला अलाइनमेंटने भागून उरलेल्या बाकीवर स्ट्रिंग लावतो. ४५ ची बाकी १, १३ ची बाकी १, ३२ ची ०. ज्यांची बाकी सारखी, त्यांचीच शेपटी हद्दीवर बसू शकते. त्यामुळे ‘नाही’ आपोआप ‘नोंद सापडली नाही’च्या शेजारी येते. तुमच्या लिंकरमध्ये हे तुलनेच्या फंक्शनमध्ये एका ओळीत होतं.

हिशेब असा: ४ च्या अलाइनमेंटवर ही तोड वापरून ४८ (४५ पुढच्या हद्दीपर्यंत भरून) आणि ३२ मिळून ८० बाइट. कंपायलरला आकार कमी करायचा ‘-ओएस’ पर्याय दिला तर अलाइनमेंट १ होते आणि तेच काम ४५ बाइटमध्ये. लिंकरमध्ये कितीही हुशारी ओतली तरी एवढा फरक पडणार नाही, म्हणून आधी कंपायलरचे पर्याय तपासा. एक्स८६-६४ वर जीसीसी फक्त तीसेक बाइटच्या पुढच्या स्ट्रिंग ८ वर अलाइन करतो. इंग्रजी संदेश बरेचदा त्याखाली सुटतात, पण देवनागरीत दहा चिन्हांतच ती मर्यादा गाठली जाते.

एलएलडी वापरत असाल तर शेपट्या जोडायला लिंकरला स्वतःला ‘ओ२’ द्यावा लागतो. कंपायलरला दिलेला ‘ओ२’ तिथपर्यंत पोचत नाही. त्याशिवाय एलएलडी फक्त नकला काढतो, आणि तेही समांतर: हॅशच्या वरच्या बिटांवरून ३२ वाटे पाडतो आणि प्रत्येक थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) सगळे तुकडे बघून फक्त आपल्या वाट्याचे उचलतो. कुलूप लागत नाही आणि थ्रेड कितीही असले तरी निकाल तोच राहतो. समांतर काही लिहिणार असाल तर ही दुसरी गोष्ट सोडू नका. त्याच कोडमधून दर वेळी वेगळी फाइल निघाली तर मीटर प्रमाणित करणारी मंडळी ऐकून घेत नाहीत.

स्ट्रिंग हलल्या की रिलोकेशन, म्हणजे कोडमध्ये पत्ता भरायच्या जागांच्या नोंदी, दुरुस्त करावी लागतात. प्रत्येक तुकड्याचा जुना ऑफसेट क्रमाने ठेवा. रिलोकेशन सेक्शनच्या चिन्हाकडे बोट दाखवत असेल तर ॲडेंड (पत्त्यात मिळवायचा आकडा) म्हणजेच जुना ऑफसेट: बायनरी सर्चने तुकडा शोधा, तुकड्यातलं अंतर नव्या जागेत मिळवा. ते नाव असलेल्या चिन्हाकडे असेल तर आधी चिन्हाची जागा बदला आणि ॲडेंड नंतर मिळवा. ३२ बिटी एआरएमवर ॲडेंड वेगळ्या रकान्यात नसतो, तो त्या जागेवरच्या बाइटमध्ये लिहिलेला असतो, तिथून वाचा.

रिकामी स्ट्रिंग ही प्रत्येक स्ट्रिंगची शेपटी असते, त्यामुळे ती भलत्याच संदेशाच्या शेवटच्या शून्यावर जाऊन बसते. कोडमध्ये कुणी लिटरलचा पत्ता ‘हे खास मूल्य’ म्हणून वापरत असेल तर ते मोडेल. सी भाषेने तसं आश्वासन कधी दिलेलंच नाही. अशा ठिकाणी स्टॅटिक कॉन्स्ट कॅरॅक्टर ॲरे घोषित करा, तो या सेक्शनमध्ये येत नाही आणि त्याचा पत्ता त्याचाच राहतो.