स्पॅनिशमध्ये ‘करू नकोस’ म्हणताना या चुका टाळा

सर्रास होणारी चूक म्हणजे होकारार्थी आज्ञेआधी नुसता ‘नो’ जोडून मोकळे होणे. ‘आब्ला’ म्हणजे ‘बोल’. पण ‘नो आब्ला’ म्हटले की ‘तो बोलत नाही’ असा अर्थ होतो. ‘बोलू नकोस’साठी ‘नो आब्लेस’ हवे. मराठीतही ‘बोल’चे ‘बोलू’ होतेच की.

हे रूप वर्तमानकाळातल्या ‘मी’च्या रूपावरून करा. शेवटचा ‘ओ’ काढा. ‘आर’ने संपणाऱ्या क्रियापदांना ‘एस’ आणि ‘एर’ किंवा ‘ईर’ने संपणाऱ्यांना ‘आस’ लावा. आब्लो (मी बोलतो)–नो आब्लेस, कोमो (मी खातो)–नो कोमास. मूळ क्रियापदावरून सुरुवात केली की गोंधळ होतो: ‘तेनेर’चे (जवळ असणे) ‘नो तेनास’ केले जाते. ‘मी’चे रूप ‘तेंगो’, म्हणून ‘नो तेंगास’. तसेच दिगो (मी सांगतो)–नो दिगास, साल्गो (मी बाहेर पडतो)–नो साल्गास. याच क्रियापदांची ‘तेन’, ‘दी’, ‘साल’ ही आखूड रूपे फक्त होकारातली. ज्यांना हा नियम लागत नाही ती पाठच करावी लागतात: नो सेआस (सेर), नो बायास (इर), नो एस्तेस (एस्तार), नो देस (दार), नो सेपास (साबेर).

लिहिताना आणखी एक खाच आहे. ‘तोकार’चे ‘नो तोकेस’ करताना ‘सी’ तसाच ठेवला तर उच्चार बिघडतो. तिथे ‘क्यू-यू’ लिहा. ‘येगार’चे ‘नो येगेस’ करताना ‘जी’नंतर ‘यू’ घाला. ‘क्रूसार’मधला ‘झेड’ मात्र ‘सी’ होतो, उच्चार तोच राहतो.

सर्वनामांची जागा तर सरावलेल्यांनाही चकवते. होकारात ती शेपटासारखी मागे चिकटतात: ‘दीमेलो’, म्हणजे ‘मला ते सांग’. नकारात ती सुटी होऊन ‘नो’ आणि क्रियापदाच्या मध्ये येतात: ‘नो मे लो दिगास’. ‘नो दीमेलो’ किंवा ‘नो दिगासमेलो’ दोन्ही चूक. ‘लेवांताते’चेही (‘ऊठ’) ‘नो ते लेवांतेस’ होते.

शेवटचा ‘स’ खाऊ नका. ‘नो आब्ले’ हे ‘उस्तेद’चे, म्हणजे ‘तुम्ही’चे आदरार्थी रूप, मित्राला म्हटले तर उगाच परके वाटते. अनेकांना सांगताना ‘नो आब्लेन’. स्पेनमध्ये जवळच्या मंडळींना ‘नो आब्लेइस’. त्यांच्या होकारातल्या ‘आब्लाद’ला ‘नो’ जोडून ‘नो आब्लाद’ चालत नाही.

पाटीवरचे ‘नो फूमार’ पाहून तोच साचा बोलण्यात वापरू नका. ती सगळ्यांसाठीची सूचना असते. समोरच्या मित्राला ‘नो फूमेस’ म्हणा.