घरच्या घरी सॉलिड-बॉडी इलेक्ट्रिक गिटार कशी घडवावी

इलेक्ट्रिक गिटार स्वतःच्या हाताने घडवायला निघालेला हौशी माणूस बहुधा बॉडीच्या आकारापासून सुरुवात करतो आणि तिथेच कामाचा क्रम उलटा होतो. सॉलिड-बॉडी, म्हणजे भरीव लाकडी बॉडीच्या, गिटारचा आकार कसाही असला तरी ती वाजते. पण नटापासून (नेकच्या वरच्या टोकाची तारांची टेकण) ब्रिजपर्यंतचे (बॉडीवरची तारांची टेकण) अंतर, त्या अंतरानुसार पाडलेल्या फ्रेटच्या (बोटांखालच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) खाचा आणि नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, मध्यातून बॉडीच्या टोकापर्यंत जाणारी मध्यरेषा यांत चूक झाली, तर उंची लाकूड आणि महागडे पिकअप (तारांच्या कंपातून विद्युत संकेत घेणारे भाग) लावूनही ते वाद्य सुरात बोलत नाही. हौशी कारागिराने आपला वेळ आणि धीर प्रामुख्याने नेक, फ्रेट आणि नेक-बॉडीचा जोड यांवर खर्च करावा.

पहिल्या गिटारसाठी स्क्रूने जोडलेला नेक, सपाट बॉडी आणि न हलणारा ब्रिज हीच रचना निवडावी. अमेरिकी गिटार-निर्माते लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये बाजारात आणलेली गिटार याच रचनेची होती. नेक आणि बॉडी स्वतंत्रपणे तयार करून शेवटी चार स्क्रूंनी जोडण्याची ही पद्धत कारखान्याइतकीच हौशी माणसालाही सोयीची आहे, कारण एक भाग बिघडला तरी दुसरा वाया जात नाही आणि जोड चुकला तर तो उघडून सुधारता येतो. गोंदाने कायमचा बसवलेला नेक, कोरून फुगीर केलेला दर्शनी भाग आणि ट्रेमोलो (दांडीने हलवून सूर वरखाली करता येणारा ब्रिज) यांचा मोह पुढच्या गिटारपर्यंत आवरावा. पिकअप, खुंट्या, ब्रिज आणि ट्रस रॉड (नेकच्या आत बसणारी, त्याचा वाक सांभाळणारी धातूची कांब) खुशाल विकत घ्यावेत. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र हे सारे सामान लाकडाला हत्यार लागण्याआधी हाती असले पाहिजे, कारण कोणत्याही खोबणीचे माप छापील तक्त्यावरून न घेता प्रत्यक्ष वस्तूला कॅलिपर लावूनच घ्यायचे असते.

मग मोठ्या कागदावर पूर्ण मापाचा आराखडा काढावा. प्रथम एक सरळ मध्यरेषा ओढून पुढचे सर्व काही तिच्या आधारे मांडावे. त्यानंतर स्केल, म्हणजे नट आणि ब्रिज यांमधील तारेची हिशेबाची लांबी, ठरवावी. फेंडरच्या बहुतेक गिटारींत ती २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिमी असते, तर गिब्सनच्या गिटारींत नाममात्र २४.७५ इंच. त्याच तारा लांब स्केलवर अधिक ताणल्या जातात आणि आखूड स्केलवर बोटांना मऊ लागतात. फ्रेटच्या जागांचा हिशेब साधा आहे: स्केलला १७.८१७ ने भागले की नट ते पहिला फ्रेट हे अंतर मिळते, उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागले की त्यापुढचे, आणि असेच अखेरपर्यंत. ६४८ मिमी स्केलवर पहिला फ्रेट ३६.३७ मिमीवर, दुसरा ७०.७० वर, तिसरा १०३.१० वर आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ मिमीवर येतो. ही सर्व अंतरे नटापासूनच मोजून आखावीत. मागच्या फ्रेटपासून मोजत गेल्यास प्रत्येक वेळची केसभर चूक पुढे साठत जाते. बाराव्या फ्रेटची खाच अर्धा मिमी सरकली, तर तिथला स्वर सुमारे पावणेतीन सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभर भागांपैकी पावणेतीन भागांनी, ढळतो. तीच चूक बाविसाव्या फ्रेटवर जवळजवळ पाच सेंटची होते आणि कानाला टोचू लागते. माझ्या मते पहिल्या खेपेला खाचा आधीच पाडलेला फ्रेटबोर्ड (नेकवरची, फ्रेट बसवायची लाकडी पट्टी) विकत घेणेच शहाणपणाचे आहे.

लाकडावरून जितका वाद घातला जातो तितका त्याला आधार नाही. मॅग्नेटिक पिकअप हवेतला आवाज टिपत नाही; चुंबकीय क्षेत्रात कंप पावणाऱ्या पोलादी तारेमुळे त्याच्या वेटोळ्यात विद्युत संकेत निर्माण होतो. त्यामुळे बॉडीचे लाकूड निवडताना ते किती सुकलेले आहे, खांद्यावर किती जड होईल आणि हत्याराखाली कसे वागते, हे आधी पाहावे. अल्डर, ॲश, महोगनी आणि बासवुड ही रूढ लाकडे या कसोट्यांवर उतरतात. नेकबाबत मात्र तडजोड करू नये: सरळ रेषांचे, गाठ नसलेले मेपल किंवा महोगनी घ्यावे आणि त्यातील ओलावा साधारण ६ ते ८ टक्के असावा. क्वीन या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३ मध्ये वडिलांच्या मदतीने घरी गिटार घडवायला घेतली तेव्हा नेकसाठी एका जुन्या शेकोटीवरच्या चौकटीचे लाकूड वापरले होते. इतकी वर्षे सुकलेले लाकूड आता आणखी वाकण्या-पिळवटण्याची शक्यता कमी, हा त्यातला फायदा आजही लागू आहे. फ्रेटबोर्डसाठी रोजवुड घेतल्यास मास्कशिवाय ते घासू नये. त्याची भुकटी अनेकांच्या त्वचेला आणि श्वसनाला बाधते.

नेकचे काम ठोकळा चौकोनी असतानाच जितके उरकता येईल तितके उरकावे. ट्रस रॉडची खोबण तर याच टप्प्यावर पाडावी, कारण राऊटरच्या (फिरत्या पात्याने खोबण पाडणाऱ्या विजेच्या हत्याराच्या) मार्गदर्शक पट्टीला टेकायला सरळ कड हवी असते आणि बाजू निमुळत्या केल्यावर ती उरत नाही. ०.०१० ते ०.०४६ इंच जाडीच्या तारांचा संच ६४८ मिमी स्केलवर सुरात लावला की नेकवर एकूण सुमारे ४७ किलोचा ताण येतो, आणि ट्रस रॉड त्याचा तोल सांभाळतो. दोन्ही दिशांना फिरणाऱ्या रॉडसाठी बहुधा ६ मिमी रुंद आणि ९ ते १० मिमी खोल खोबण लागते. पहिल्या फ्रेटजवळ नेकची एकूण जाडी २१ मिमी ठेवली आणि त्यातले ६ मिमी फ्रेटबोर्डचे धरले, तर रॉडमागे जेमतेम ५ ते ६ मिमी लाकूड उरते. मागची गोलाई कोरताना हा आकडा सतत डोळ्यांपुढे असावा.

फ्रेटबोर्ड चिकटवताना गोंद वंगणासारखा काम करतो आणि क्लॅम्प आवळताच पट्टी हळूच एका बाजूला सरकते. यावर उपाय असा की गोंद लावण्यापूर्वी फ्रेटबोर्ड मध्यरेषेवर अचूक ठेवून पहिल्या आणि बाराव्या फ्रेटच्या खाचेतून नेकमध्ये बारीक भोके पाडावीत आणि त्यांत डोके कापलेले छोटे खिळे बसवावेत. गोंद लावल्यावर पट्टी त्याच खिळ्यांवर बसते, गोंद धरला की खिळे उपसून घेता येतात आणि उरलेली भोके फ्रेटखाली झाकली जातात. रॉडच्या खोबणीवर गोंद लावताना चिकटपट्टी लावून ती जोडण्याआधी काढून टाकावी. आत शिरलेल्या गोंदाने अडकलेला रॉड नंतर मोकळा करणे जवळजवळ अशक्य असते. क्लॅम्प रात्रभर ठेवावेत.

मागचा भाग गोल करताना एकदम गोलाई साधू पाहू नये. पहिल्या आणि बाराव्या फ्रेटजवळ हव्या त्या जाडीचे आडवे घाट आधी कोरून घ्यावेत, मग कडा ४५ अंशांत उतरवाव्यात, त्या उतारांच्या कडा पुन्हा उतरवाव्यात, आणि रंधा व खरखरीत कानस यांनी दोन्ही घाट सरळ रेषेत जोडावेत. दिवा एका बाजूला ठेवून त्याच्या तिरप्या उजेडात नेक फिरवला, की बोटांना न कळलेला उंचवटाही सावलीने दिसतो.

फ्रेट ठोकण्यापूर्वी फ्रेटबोर्डचा पृष्ठभाग निर्दोष असला पाहिजे. ९.५ किंवा १२ इंच त्रिज्येच्या ठोकळ्यावर सँडपेपर लावून तो लांबीच्या दिशेने घासावा आणि पोलादी सरळपट्टी ठेवून खालून उजेड येतो का ते तपासावे. इथे दिलेला एक तास पुढे फ्रेट घासण्याचे कितीतरी तास वाचवतो. फ्रेटची तार फ्रेटबोर्डच्या गोलाईपेक्षा किंचित अधिक वाकवून घ्यावी, आधी दोन्ही टोके बसवावीत आणि मग मधला भाग प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकावा, म्हणजे टोके पुन्हा उचलली जात नाहीत. खाच घट्ट वाटली तर हातोडीचा जोर न वाढवता ती साफ करून रुंदी तपासावी. प्रचलित फ्रेटसाठी ती सुमारे ०.५८ मिमी असते. सगळे फ्रेट बसल्यावर नेक सरळ करून त्यांच्या माथ्यांवर मार्करची शाई लावावी आणि लांब सपाट पट्टीवर बारीक सँडपेपर चिकटवून हलक्या हाताने फिरवावी. उंच फ्रेटवरची शाई आधी जाते, बुटक्यांवरची राहते. प्रत्येक माथ्यावरून शाई पुसली गेली की तिथेच थांबावे. सपाट झालेले माथे फ्रेटच्या खास कानशीने गोल करून, फ्रेटबोर्डवर चिकटपट्टी लावून, ४०० पासून २००० पर्यंतच्या कागदांनी चकचकीत करावेत.

बॉडी त्या मानाने सुखाची. ४४ ते ४५ मिमी जाडीच्या, जोडून सपाट केलेल्या फळीवर एमडीएफचा (दाबलेल्या लाकूड-तंतूंच्या फळीचा) साचा लावून बाहेरचे लाकूड करवतीने काढावे आणि बेअरिंग असलेल्या राऊटर-पात्याने कड साच्याबरोबर आणावी. एका फेरीत ५-६ मिमीपेक्षा खोल जाऊ नये, आणि राऊटर बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट दिशेने, तर खोबणीच्या आत घड्याळाच्या दिशेने चालवावा. बॉडीच्या शिंगांसारख्या टोकांशी लाकडाची रेष आडवी येते आणि पाते तुकडा उचकटून नेते, म्हणून तिथे पात्यासाठी अगदी थोडेच लाकूड शिल्लक ठेवावे.

खरी परीक्षा नेकच्या खोबणीची. तिचा साचा आराखड्यावरून न करता तयार नेकच्या टाचेभोवती, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकाभोवती, सरळ पट्ट्या लावून करावा आणि आधी टाकाऊ लाकडावर आजमावावा. सुमारे ७५ मिमी लांबीची ही खोबण टोकाशी अर्धा मिमी वाकडी झाली, तर नटाजवळ नेक सुमारे ३ मिमी बाजूला जातो आणि एका बाजूची तार फ्रेटबोर्डवरून घसरू लागते. खोली ब्रिजच्या उंचीवरून ठरते. टाच फ्रेटबोर्डसह २५ मिमी आणि खोबण १६ मिमी असली की फ्रेटबोर्ड बॉडीच्या ९ मिमी वर राहतो आणि सपाट पत्र्याचा ब्रिज त्याला जुळतो. उंच खांबांवर उभा राहणारा ब्रिज घेतला असेल तर नेकला दोन-तीन अंशांचा कल द्यावा लागतो. बॉडीतील स्क्रूची भोके इतकी मोकळी असावीत की स्क्रू त्यांतून हाताने सरकेल आणि फक्त नेकमध्येच आटे धरेल. दोन्ही ठिकाणी आटे पकडले, तर बारीक फट कायम राहते. मेपलमध्ये आधी भोक पाडून स्क्रूला थोडे मेण लावावे.

ब्रिजची जागा नेक बसल्यानंतरच पक्की करावी. नटाच्या दोन टोकांपासून बाहेरच्या दोन तारांच्या जागी दोरे ताणून ब्रिजपर्यंत न्यावेत आणि ते फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून सारख्याच अंतरावर येईपर्यंत ब्रिज आडवा सरकवावा. लांबीच्या दिशेने, सर्वांत बारीक तारेचे सॅडल (ब्रिजवरचा त्या तारेचा पुढे-मागे सरकणारा आधार) जवळजवळ पूर्ण पुढे आणून, तरी २-३ मिमी वाव राखून, नटापासून बरोबर ६४८ मिमीवर ठेवावे. दाबलेली तार ताणली जाऊन तिचा स्वर चढतो, त्यामुळे बाकीची सॅडल यापेक्षा मागेच जातात आणि त्यासाठी मागे जागा हवी.

रंगकामाबाबत इतकेच सांगणे पुरे, की १२० पासून ३२० पर्यंतचे कागद क्रमाने वापरावेत, मधे एकदा ओल्या फडक्याने पुसून उभे राहिलेले तंतू घासून घ्यावेत, आणि महोगनी वा ॲशची छिद्रे फिलरने भरावीत. हौशी माणसाला तेलाची फिनिश सर्वांत क्षमाशील ठरते. मात्र जवसाच्या तेलाचे फडके गोळा करून टाकू नयेत, ते आपोआप पेट घेतात, म्हणून पसरून वाळवावेत. खोबणीच्या आत रंग जाऊ देऊ नये.

वायरिंगमध्ये एका वेटोळ्याच्या सिंगल-कॉइल पिकअपला २५० किलोओहम आणि दोन वेटोळ्यांच्या हंबकरला ५०० किलोओहमचे पॉट (आवाज कमी-जास्त करणारे फिरते रोधक) वापरण्याची रीत आहे. डाग देताना रोझिनचा गाभा असलेलेच सोल्डर घ्यावे, नळकामाचे आम्लयुक्त नव्हे. ब्रिजला अर्थची तार जोडायला विसरू नये. ती नसली की तारांना हात लावूनही गुणगुण थांबत नाही. तारा चढवण्यापूर्वीच ॲम्पला जोडून पिकअपच्या खांबांवर स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवून पाहावा, प्रत्येक पिकअपचा ठोका ऐकू आला पाहिजे.

शेवटच्या जुळणीचा क्रम बदलू नये. तारा सुरात लावून आधी ट्रस रॉड असा फिरवावा की तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबल्यावर सातव्या-आठव्या फ्रेटवर ०.२ ते ०.२५ मिमी फट राहील. रॉड एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये. मग नटाच्या खाचा खोल कराव्यात: तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली असता पहिल्या फ्रेटवर ती जेमतेम टेकत नाही, इतकी फट योग्य. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर बारीक तार सुमारे १.५ आणि जाड तार २ मिमी उंच ठेवावी. आता बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहावेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. पिकअप तारांच्या फार जवळ आणू नयेत, कारण चुंबक जाड तारेला ओढतो आणि सूर आंदोलित होतो. नवा नेक ताणाखाली स्थिरावायला काही आठवडे घेतो, म्हणून महिन्याभराने रॉडची फट पुन्हा मोजावी आणि ती बदलली असेल तर हा क्रम तिथपासून पुन्हा करावा.