बॅटरीला दोष देण्याआधी: पावसापूर्वी गाडीचं चार्जिंग तपासायची तयारी

मे महिना लागला की गोव्यात घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, गडबड सुरू होते. मिरच्या, सोलां, सुकी मासळी भरून ठेवायची, छपराचे नळे परतून घ्यायचे. मोटारसायकलच्या वाट्याला मात्र टायर आणि ब्रेक एवढंच येतं. त्याच यादीत चार्जिंगची तपासणीही घाला, असा माझा आग्रह आहे. पूर्वीची कार्ब्युरेटरची गाडी बॅटरी संपली तरी किक मारून घरी यायची. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचा बीएस-६ नियम लागू झाला आणि नव्या मोटारसायकली जवळजवळ सगळ्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. पेट्रोलचा पंप वीज मागतो, ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, वीज मागतो, आणि बऱ्याच गाड्यांना आता किकच नाही. व्होल्टेज पडलं की चालती गाडी बंद पडते, मग ती म्हापशाच्या बाजारात असो की भर पावसात चोर्ला घाटात.

सेल्फ ओढत नाही म्हटलं की निकाल ठरलेला असतो: बॅटरी गेली. नवी बॅटरी येते, काही दिवस सगळं सुरळीत चालतं आणि मग तीही उतरते. बॅटरी चार्ज धरत नाही की बॅटरीपर्यंत चार्ज पोचतच नाही, या एकाच प्रश्नाचं उत्तर पैसे खर्च करण्याआधी हातात असायला हवं. खालची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा, कारण अर्धवट बॅटरीवर घेतलेलं कुठलंही रीडिंग भरवशाचं नसतं. चार्जरचा करंट बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या एक दशांश असावा, म्हणजे ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. कारच्या बॅटरीचा मोठा चार्जर या छोट्या बॅटरीला लावू नका, आणि लिथियम बॅटरी असेल तर तिचाच चार्जर वापरा. पाण्याची बॅटरी असेल तर पातळी बघून फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. चार्ज झाल्यावर दोन-तीन तास तशीच राहू द्या आणि मग मीटर लावा. १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. रात्रभर चार्ज करूनही १२.२ च्या वर चढत नसेल तर बॅटरी खरोखरच थकली आहे. मात्र ती का थकली हे कळण्यासाठी पुढची तपासणी तरीही करावीच लागते.

सामान फारसं लागत नाही. साधा डिजिटल मल्टीमीटर, बॅटरीच्या टर्मिनलला बसणारा पाना आणि स्टार स्क्रू ड्रायव्हर, बारीक पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, कंटॅक्ट क्लीनर, पेट्रोलियम जेली, टॉर्च, आणि वही-पेन. मीटरमध्ये नवा सेल घाला. स्वस्त मीटरचा सेल उतरला की तो रीडिंग वाढवून दाखवतो आणि तुम्ही निरोगी आकड्यावर विश्वास ठेवून बसता. आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर जवळ ठेवा. इथे दिलेले आकडे बहुतेक १२ व्होल्टच्या गाड्यांना लागू पडतात, पण मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचंच ऐका.

जागा उघडी हवी. इंजिन चालू ठेवायचं असल्याने बंद शेडमध्ये हे काम नको, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो म्हणून जवळपास विडी-सिगारेटही नको. अंगठी, कडं, धातूचं घड्याळ काढून ठेवा. टर्मिनल सोडवताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: चार्जिंग बघायला म्हणून चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढू नका. जुन्या गाड्यांवर ही पद्धत चालून गेली. आजच्या गाडीत बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू जाऊ शकतो. शेजारचा कितीही अनुभवी मेकॅनिक असला तरी त्याला अडवा.

आता मीटर बाजूला ठेवा आणि सीट, साइड पॅनेल काढून फक्त बघा. आपल्याकडे निम्मे दोष इथेच सापडतात असं माझं ठाम मत आहे. हरमल-मोरजीकडच्या गाडीला खारा वारा लागतो, डिचोली-सत्तरीकडच्या गाडीला तांबडी माती, आणि पाऊस तर सगळ्यांनाच. इंजिनच्या डाव्या कव्हरमधून बहुतेक गाड्यांत तीन वायरी निघतात. बऱ्याचदा तिन्ही पिवळ्या असतात. त्या मॅग्नेटच्या कॉइलमधून, म्हणजे स्टेटरमधून, आरआर युनिटकडे एसी वीज नेतात. आरआर म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर: तो एसीची डीसी करतो आणि व्होल्टेज आवरतो. वाटेत एक कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा सांधा, असतो. तो लॉक दाबून उघडा आणि टॉर्चच्या उजेडात आत बघा. पितळी पिनांवर हिरवट-पांढरी पूड दिसते का? तिन्हींपैकी एकीच्या भोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलंय का, कडा वितळून खाली ओघळल्यात का? त्या वायरीचं आवरण बोटांनी दाबून बघा. चांगली वायर मऊ लागते, भाजलेली कडक आणि ठिसूळ. पिनेवर गंज चढला की तिथे रेझिस्टन्स वाढतो, रेझिस्टन्समुळे ती जागा तापते, तापल्याने पीन सैल होते आणि मग आणखी तापते. शेवटी एक फेज, म्हणजे तिघींपैकी एका वायरीची वाट, तुटते आणि उरलेल्या दोघींवर भार येतो. नुसती पूड असेल तर क्लीनर आणि ब्रशने काम भागतं. प्लास्टिक वितळलं असेल तर कपलर पिनांसकट बदलून घ्या, घासून पुन्हा बसवू नका.

त्याच दमात आरआर युनिटच्या पात्यांमधली माती काढा. जास्तीची वीज उष्णतेत घालवणं हे बहुतेक आरआरचं कामच आहे, त्याला वारा लागायला हवा. बॅटरीचे टर्मिनल आणि फ्रेमवरची अर्थची वायर सोडवून पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून जेली लावा. मेन फ्यूज काढून त्याचे पायही बघा. फ्यूज शाबूत असतो पण पाय हिरवे झालेले असतात.

मग रीडिंग. वहीत प्रत्येक आकडा लिहा, लक्षात राहील म्हणू नका. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून प्रोब बॅटरीलाच लावा. इंजिन बंद असतानाचा आकडा. सेल्फ मारतानाचा आकडा: तो १० च्या आसपास टिकावा, ९.५ च्या खाली कोसळला तर बॅटरीवर संशय घ्या. नंतर इंजिन चालू, आयडलवर, म्हणजे रेस न देता. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर पेटलेलाच असतो, त्यामुळे आयडलला १३ च्या आसपास दिसलं तर लगेच घाबरू नका. खरा आकडा ४ ते ५ हजार आरपीएमवरचा. आरपीएम दाखवणारा टॅकोमीटर नसेल तर हमरस्त्यावर मध्यम वेगात इंजिनाचा जसा आवाज येतो तेवढी रेस द्या. १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. रेस देऊनही आकडा १२ च्या घरात बसला किंवा आणखी खाली सरकला, तर चार्ज पोचत नाही. १५ ओलांडले तर आरआर व्होल्टेज रोखत नाही. अशी गाडी चालवू नका, बॅटरी फुगते आणि बल्ब उडतात. हेच रीडिंग अर्धा तास गाडी फिरवून आल्यावर पुन्हा घ्या, कारण काही आरआर आणि कॉइल गार असताना ठीक असतात आणि तापल्यावर दगा देतात.

चार्ज पोचत नसेल तरच पुढे जा. इंजिन बंद करून पिवळ्या वायरींचा कपलर सोडवा, मीटर २०० ओहमवर. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा लिहा, तो पुढच्या प्रत्येक रीडिंगमधून वजा करायचा. तीन वायरींच्या तीन जोड्या होतात, तिन्हींचं रेझिस्टन्स जवळजवळ सारखं यावं. बहुतेक गाड्यांत ते एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. मग प्रत्येक वायर आणि इंजिनची बॉडी: इथे मीटरने काहीच दाखवू नये. थोडंही दाखवलं तर कॉइल शॉर्ट आहे आणि वाद संपला. हे सगळं ठीक आलं तर कपलर सुटाच ठेवून इंजिन चालू करा आणि मीटर २०० व्होल्ट एसीवर घ्या. तिन्ही जोड्यांचे आकडे सारखे यावेत आणि रेसबरोबर चढावेत. ५० व्होल्टच्या वर जाऊ शकतात, म्हणून प्रोबच्या धातूला बोट लागू देऊ नका. कॉइल पास आणि कपलर स्वच्छ असेल, तरी बॅटरीवर १३.८ येत नसतील, तर संशय आरआरवर किंवा आरआरपासून बॅटरीपर्यंतच्या वायरिंगवर. रेस देऊन आरआरच्या पॉझिटिव्हपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत डीसी व्होल्टेज मोजा. अर्धा व्होल्टसुद्धा तिथे हरवत असेल तर वायरिंगच धरा, आरआर विकत घेऊ नका.

चार्जिंग चोख आणि तरीही चतुर्थीला गावी जाऊन आल्यावर गाडी मेलेली, असं असेल तर चावी बंद असताना वीज झिरपते आहे. बॅटरीच्या निगेटिव्हची वायर सोडवून ती वायर आणि टर्मिनल यांच्या मध्ये मीटर १० अँपिअरवर जोडा आणि आकडा अगदी छोटा असेल तरच मिलिअँपिअरवर उतरा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका. साध्या गाडीत एक-दोन मिलिअँपिअर चालतात. ५० दिसले तर ५ अँपिअर-अवरची बॅटरी साधारण चार दिवसांत रिकामी होते. अलार्म, जीपीएस, थेट बॅटरीवर जोडलेला मोबाइल चार्जर एकेक करून काढत जा.

पिवळ्या मडगार्डवाल्या पायलटांनी, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्यांनी, हे मेपुरतं ठेवू नये. त्यांची गाडी दिवसभर सेल्फवर उठते आणि दोन-तीन किलोमीटरवर थांबते, खर्च झालेला चार्ज भरून निघायला वेळच मिळत नाही. त्यांनी चालू इंजिनवरचं बॅटरीचं रीडिंग महिन्याला एकदा घ्यावं. आणि ज्यांनी २० वॅटचे दोन फॉग लॅम्प लावलेत त्यांनी ध्यानात घ्यावं की तेवढ्याने तीन अँपिअरच्या वर करंट जातो, आणि पणजीच्या गर्दीत रांगणाऱ्या गाडीला तो आणायचा कुठून?

इलेक्ट्रिशियनकडे जाताना वहीचं पान घेऊन जा आणि आधी आकडे सांगा, निदान नंतर. जुना पार्ट परत मागून घ्या. नवी कॉइल किंवा आरआर बसला की तिथेच, त्यांच्यासमोर, रेस देऊन बॅटरीवरचं रीडिंग घ्या, आणि पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर तो पिवळ्या वायरींचा कपलर एकदा उघडून बघा.