मेअखेरची गच्ची, दिवाळीआधीचा रंग: घराच्या देखभालीत या चुका टाळा

गच्ची आपल्याला मेअखेरीस आठवते आणि भिंती दिवाळीच्या तोंडावर. घरदुरुस्तीचा सगळ्यात जास्त पैसा याच दोन पंधरवड्यांत पाण्यात जातो. दरवेळी कारागीर वाईट असतो किंवा माल हलका असतो असं नाही. काम ओल्यावर केलेलं असतं. सिमेंटचं बांधकाम आपल्या सोयीने वाळत नाही, त्याला आठवडे द्यावे लागतात.

गळती कुठून आहे हे न शोधता गच्चीवर कोट मारणे

ही चूक अगदी एकाच क्रमाने होते. जुलैत वरच्या मजल्यावरच्या बेडरूमच्या छताला डाग पडतो. पाऊस संपला की डाग वाळतो आणि विसरला जातो. मेच्या शेवटच्या आठवड्यात सोसायटीची मीटिंग बसते, तीन कोटेशनं येतात, सगळ्यात स्वस्त मंजूर होतं. माणसं गच्ची झाडून घेतात, शेवाळाचा वाळलेला काळा थर तसाच ठेवतात आणि त्यावर रोलरने वॉटरप्रूफिंगचा पांढरा कोट फिरवतात. डबे पुरावेत म्हणून त्यात पाणी वाढवलेलं असतं. ऑगस्टपर्यंत कोटाला फुगे येतात, सालं निघतात आणि खालचा डाग पहिल्यापेक्षा मोठा झालेला असतो. पुढच्या वर्षी कुणीतरी सुचवतं, ‘जुन्यावरच नवा कोबा घालू.’

इथे तर थांबाच. चार इंच ब्रिकबॅट कोब्याचं, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या थराचं, वजन चौरस फुटाला साधारण अठरा-वीस किलो भरतं. पाचशे चौरस फुटांच्या गच्चीवर ते नऊ-दहा टन झालं. जुना कोबा न काढता त्यावर नवा घालणं म्हणजे एवढा बोजा जुन्या स्लॅबवर कायमचा ठेवणं. स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय हे करूच नका.

फुगे येण्याचं कारण साधं आहे. कोब्यात मुरलेलं पाणी उन्हाने तापून वाफेच्या रूपात वर येऊ पाहतं, वरचा पातळ थर त्याला अडवतो, आणि शेवाळावर त्या थराची पकड मुळातच नसते.

म्हणून आधी शोध. डाग एप्रिलमध्येही ओला असेल तर दोष पावसाचा नाही. टाकीचा ओव्हरफ्लो, गच्चीवरून फिरवलेले पाइप किंवा वरच्या घरातलं बाथरूम तपासा. बाथरूमचा संशय असेल तर नहाणी ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करा, फरशीवर इंचभर पाणी साठवा आणि चोवीस तास खालचं छत बघत राहा. गच्चीवर हेच काम सिमेंटचे छोटे बांध घालून भागाभागाने करतात. तिथे पाणी किमान अठ्ठेचाळीस तास उभं ठेवावं. डागाच्या बरोबर वर भेग सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका. पाणी कोब्याखालून सरकत जाऊन स्लॅबला जिथे वाट मिळेल तिथे उतरतं, कधी दहा फूट लांबसुद्धा. पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि गच्ची जिथे मिळतात तो वाटा, म्हणजे सांध्यातला गोलाकार कोपरा, आणि रेनवॉटर पाइपच्या तोंडाचा भाग, या दोन जागा आधी तपासा. बऱ्याचदा तिथेच सापडतं.

काम मार्च-एप्रिलमध्ये काढा. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून आहे, पण २०२५ साली तो २६ मेलाच दाखल झाला. ज्यांनी गच्ची मेअखेरीवर ठेवली होती त्यांच्या हातून ते वर्ष गेलं. तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडा, धुवा, पूर्ण वाळू द्या. भेगा व्ही आकारात कोरून पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने) भरा. वाट्यावर फायबरची जाळी पहिल्या कोटातच दाबून बसवा. दुसरा कोट पहिल्याच्या आडव्या दिशेने, पहिला वाळल्यावरच. भर दुपारी तापलेल्या गच्चीवर कोट मारू नका. वर साय धरते आणि खाली ओलं राहतं. आणि मोजणी: डब्यावर लिहिलेल्या कव्हरेजवरून किती डबे लागतील ते आधी काढा, काम संपल्यावर रिकामे डबे मोजा. निम्मेच निघाले तर उरलेल्याची जागा पाण्याने घेतली आहे. ही मोजणी ज्याला आवडत नाही त्याला काम देऊ नये.

छताचं प्लास्टर सुटून सळई दिसत असेल तर नुसतं सिमेंट थापणं निरुपयोगी. गंजताना लोखंडाचं आकारमान दुपटीहून जास्त वाढतं आणि तेच नवा थर पुन्हा ढकलून पाडतं. सळईच्या मागच्या बाजूपर्यंत काँक्रीट काढून, गंज घासून, गंजरोधक लेप लावून मगच पॉलिमर मॉर्टर भरतात. सळई बारीक झाली असेल तर विषय गवंड्याचा राहत नाही, इंजिनीअरचा होतो.

ओल्या भिंतीवर पुट्टी

मुंबईतून पाऊस परत फिरण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. म्हणजे चार महिने भिजलेल्या बाहेरच्या भिंतीला वाळायला जेमतेम तेरा दिवस. अशा भिंतीला आतून पुट्टी आणि दोन हात रंग दिले की संक्रांतीपर्यंत पोपडे धरतात. मग दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो.

भिंत वाळली का, हे हात लावून कळत नाही. फूटभर चौकोनी जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला सील करा आणि एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं, तर रंगाऱ्याला परत पाठवा. दिवाळीला फक्त धूळ झाडून, जाळी काढून घर स्वच्छ करा. रंग डिसेंबर-जानेवारीत काढा, तेव्हा हवाही कोरडी असते आणि रंगारी निवांत असल्यामुळे काम नीट होतं. हे सांगितलं की लोक नाराज होतात, पण दरवर्षी दिवाळीला तोच कोपरा रंगवण्यापेक्षा एक दिवाळी तशीच काढलेली बरी.

भिंतीला लोणा, म्हणजे पांढरे क्षार, आला असेल तर तो पाण्याने धुऊ नका. क्षार विरघळून पुन्हा आत शिरतात आणि वाळताना परत फुटतात. कोरड्या ब्रशने झाडा, गोळा करून बाहेर टाका, आणि ओल कुठून चढते आहे ते बाहेरच्या बाजूने बघा. बहुधा सापडतात खिडकीच्या छज्ज्यावर साचलेलं पाणी, सांधा सुटलेला पाइप, किंवा पिंपळाचं रोप. पिंपळ वरून छाटला की अधिक जोमाने फुटतो. दोन पानांचा असतानाच मुळासकट उपटा आणि भेग लगेच भरा.

ठिबकणाऱ्या गीझरचा व्हॉल्व्ह बंद करणे

ही चूक जिवावरची आहे. २५ लिटरच्या गीझरमधलं पाणी ६५ अंशांपर्यंत तापलं की साधारण चारशे मिलीलिटरने फुगतं. सेफ्टी व्हॉल्व्हमधून तेच थेंब बाहेर येतात. ती गळती नव्हे. तिथे बूच मारलं आणि थर्मोस्टॅट अडकला तर टाकी फुटू शकते. व्हॉल्व्हला बारीक नळी जोडून ती नहाणीपर्यंत सोडा. गीझर बंद असतानाही धार लागत असेल तर व्हॉल्व्ह बदला. बोअरचं पाणी असेल तर दर वर्षी अॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी धातूची कांडी) काढून बघा, झिजला असेल तर नवा घाला.

आणखी काही, थोडक्यात

स्लायडिंग खिडकीतून पाणी आत येतं म्हणून बाहेरून सगळीकडे सिलिकॉन फासू नका. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात, ती मातीने बुजलेली असतात. जुन्या टूथब्रशने आणि तारेने मोकळी करा.

गॅसची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायचीच, ती कितीही चांगली दिसली तरी. तारीख नळीवरच छापलेली असते.

ईएलसीबीचं, म्हणजे वीजगळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलवा.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, दोन-तीन महिन्यांनी, खुणेपर्यंतच. नळाचं पाणी नको, अॅसिड तर नकोच.

सेप्टिक टँकमध्ये अॅसिड ओतलं की मैला कुजवणारे जिवाणू मरतात आणि टाकी लवकर भरते. उपसा यंत्राने करून घ्या, कुणालाही आत उतरवू नका. तिथल्या वायूने माणूस काही क्षणांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरणाराही.

कौलारू घराची शाकारणी करताना कौलांवर थेट पाय देऊ नका. वाश्यांवर भार येईल अशी शिडी आडवी टाका. दरवर्षी डझनभर कौलं त्याच छापाची राखून ठेवा. दुसऱ्या छापाचं कौल खाचेत नीट बसत नाही, आणि पहिल्या वाऱ्यापावसात पाणी तिथूनच आत येतं.