सह्या होण्याआधी कलमं वाचा: परदेशी निधीच्या प्रकल्पात भ्रष्टाचार रोखण्यासाठी

परदेशी निधीच्या प्रकल्पांचे हिशेब तपासणं हे माझं काम. भ्रष्टाचाराविरुद्ध हातमिळवणी झाल्याचे फोटो मला कौतुकाने दाखवले जातात. मी विचारते, दप्तर बघायचा हक्क कोणत्या कलमात आहे?

तो हक्क निविदेतच लिहून घ्या, आणि मुख्य कंत्राटदारावर थांबू नका. उपकंत्राटदार, सल्लागार, मध्यस्थ या सगळ्यांची खाती तपासता आली पाहिजेत, कारण लाच बहुधा कंत्राटदाराच्या वहीत नसते, मध्यस्थाच्या ‘कमिशन’मध्ये असते. जागतिक बँकेच्या निविदापत्रात कोणाला, कशासाठी, किती कमिशन दिलं हे भरून द्यावं लागतं. रकाना कोरा आला तर तसाच स्वीकारू नका. ‘काही नाही’ असं लिहून, सही करून घ्या. पुढे खोटं निघालं तर लाच सिद्ध करण्यापेक्षा खोटं निवेदन सिद्ध करणं सोपं जातं.

मग काळी यादी. जागतिक बँक, आशियाई, आफ्रिकी व आंतर-अमेरिकी विकास बँका आणि युरोपीय पुनर्रचना व विकास बँक यांनी 2010 मध्ये करार केला: एकीने एक वर्षाहून जास्त काळ बाद केलेली कंपनी बाकीच्याही बाद करतात. पण छोटी बंदी यात येत नाही, आणि एखादी बँक अपवादही करू शकते. म्हणून प्रत्येक यादी वेगळी उघडा. कंपनीच्या नावाबरोबर खऱ्या मालकाचं नावही शोधा. पाटी बदलायला फार वेळ लागत नाही.

आता खरी अडचण, पुराव्याची. बांगलादेशातल्या पद्मा पुलासाठीचं 1.2 अब्ज डॉलरचं कर्ज जागतिक बँकेने 2012 मध्ये लाचखोरीच्या संशयावरून रद्द केलं. संशय एका कॅनेडियन कंपनीच्या लोकांवर होता, म्हणून बँकेकडे आलेल्या खबरी कॅनडाच्या पोलिसांना दिल्या गेल्या आणि त्यांवर फोन टॅप झाले. 2017 मध्ये तिथल्या न्यायालयाने ते टॅपिंग पुरावा म्हणून नाकारलं. खबरींना ऐकीव गप्पांपेक्षा जास्त किंमत दिली नाही. आरोपी सुटले. त्याआधी, 2016 मध्ये, बँकेची दप्तरं न्यायालयात मागवता येणार नाहीत, असं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं होतं. बँकेला कंपनी बाद करायला ‘असं घडलं असण्याची शक्यता जास्त’ एवढं पुरतं. फौजदारी न्यायालयाला ते पुरत नाही.

तेव्हा तक्रार लिहिताना मी स्वतः पाहिलेलं, दुसऱ्याने सांगितलेलं आणि माझा तर्क यांचे तीन वेगळे परिच्छेद करते. कागद कुठून, कधी, कोणाकडून मिळाला हे प्रत्येक प्रतीवर लिहिते. कंटाळवाणं आहे, पण सीमेपलीकडे हेच टिकतं.

परदेशातून बँक खात्याची माहिती हवी असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या 2003 च्या भ्रष्टाचारविरोधी कराराचं कलम 46 वापरता येतं. विनंती तपास यंत्रणेने आपल्या देशाच्या नेमलेल्या केंद्रीय प्राधिकरणामार्फत पाठवायची. मात्र आधी पलीकडच्या अधिकाऱ्याशी अनौपचारिक बोलणं व्हावं. 2021 पासून ‘ग्लोबई’ हे तपास यंत्रणांचं जाळं त्यासाठीच आहे. अर्ज कुठे अडकेल ते फोनवर आधीच कळतं.

आणि जप्त पैसा परत आला तर तो कोण खर्च करणार, हे परतीच्या करारातच ठरवा. स्वित्झर्लंडमध्ये गोठवलेले 8.4 कोटी डॉलर कझाकस्तानला परत देताना ते सरकारी तिजोरीत गेले नाहीत. 2007 च्या करारानुसार गरीब मुलांसाठी ‘बोटा’ ही स्वतंत्र संस्था उभी केली आणि देखरेख जागतिक बँकेकडे ठेवली.