डंपावर झाड शेवटी, आधी पाणी

गोव्यातल्या डिचोली-सत्तरीत ज्यांच्या शेताच्या डोक्यावर खाणीचा डंप, म्हणजे खोदून टाकलेल्या टाकाऊ मातीदगडांचा ढीग आहे, ती माणसे भेटली की एकच विचारतात, कुठले झाड लावू? लोखंडाच्या खाणीवर रोपवाटिकेचा मुकादम म्हणून मी राबलो, आता गावातल्या पोरांना हेच काम शिकवतो. त्यांनाही सांगतो, झाड शेवटी. आधी पाणी, मग उतार, मग माती, मग गवत. हा क्रम मोडला तर जूनमध्ये लावलेली रोपे ऑगस्टात खालच्या शेतात सापडतात.

डंप बहुतेक लीजच्या, म्हणजे खाणीसाठी भाडेपट्ट्याने दिलेल्या जागेत असतो, म्हणून पंचायतीमार्फत लेखी परवानगी घ्या. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी केंद्र सरकारला सांगितले आहे की खोदून झालेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवणे ही लीजची अट करा. अर्जात हे जरूर लिहा.

कोळशाच्या खाणींवरचा सल्ला मात्र जसाच्या तसा उचलू नका. तिथल्या मालात बऱ्याचदा गंधकाचे खनिज असते, हवापाणी लागले की आम्ल तयार होते. ढीग आतून धुमसतोही. झारखंडातल्या झरियात जमिनीखालची आग १९१६पासून आहे. आमचा डंप जांभा, चिकणमाती आणि ठिसूळ खडकाचा. तो जळत नाही, तो वाहतो. आमची सगळी लढाई पावसाशी.

म्हणून एप्रिल-मेमध्येच डंपाच्या माथ्यावर जा. माथा बाहेरच्या कडेकडे नव्हे, आतल्या बाजूला किंचित उतरता करा आणि तिथे चर काढून पाणी एकाच ठिकाणाहून खाली आणा. ती वाट चिऱ्यांनी बांधा. उघड्या मातीवरून पाणी सोडले तर एका पावसात घळ पडते. पायथ्याला चिऱ्यांची भिंत घाला, पाणी झिरपायला तिच्यात भोके ठेवा, आणि पुढे गाळ बसायला खड्डा. हा खड्डा पावसाळ्याच्या मध्येही उपसावा लागतो. भरलेला खड्डा असून नसल्यासारखा. उतार एकसलग उंच ठेवू नका. पायऱ्या पाडा, एकूण उतार २८ अंशांच्या आत आणा. हे यंत्राचे काम आहे, फावड्याने होत नाही.

आता माती. डंपात लोह भरपूर, पण नत्र आणि सेंद्रिय पदार्थ जवळपास नाहीत, आणि स्फुरद (फॉस्फरस) दिला तरी लोह त्याला धरून ठेवते. माती तपासून घ्या, तोवर चुना टाकू नका. शेणखत आणि पालापाचोळा मिळेल तेवढा आणा. जुन्या रानातल्या झाडाखालची मूठभर माती प्रत्येक खड्ड्यात घाला. तिच्यात मुळांशी जोडून राहणारी बुरशी असते, स्फुरद मुळांपर्यंत तीच पोचवते. गोवा विद्यापीठात या बुरशीवर बराच अभ्यास झाला आहे.

उतारावर खड्डे खणू नका, तो सैल होतो. तिथे वाळा हे खोल मुळांचे गवत लावा. आडव्या ओळी, दोन ओळींत उंचीचे अंतर मीटर-दीड मीटर, दोन ठोंबांत १५ सेंटीमीटर. ओळ समपातळीत धरा, पाण्याची नळी लावून खुणा करा. फार खडा भाग असेल तर काथ्याची जाळी अंथरून खुंट्या मारा. मधल्या पट्ट्यात कुळीथ, चवळी पेरा; नत्रही मिळते, जमीनही झाकली जाते.

झाडे पायऱ्यांवर आणि माथ्यावर. पूर्वी सगळीकडे ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. ती खडकातही येते, लांबून डंप हिरवा दिसतो, पण तिचा जाड पाला लवकर कुजत नाही आणि खाली दुसरे काही सहज उगवत नाही. मला ती नको वाटते. करंज आणि गिरीपुष्पाने सुरुवात करा, दोन्ही नत्र बांधतात. त्यांची सावली पडली की माट्टी, किंदळ ही इथली रानझाडे, जांभूळ, आवळा. काजूचा मोह सगळ्यांना होतो. लावा, पण माथ्यावर सपाटीला, आणि नुसता काजू नको.

खड्डे ४५ सेंटीमीटरचे, मेमध्येच खणून ठेवा. पाऊस नीट लागल्यावरच रोप लावा, पहिल्या सरीला घाई नको.

लागवडीनंतर गुरे आणि वणवा, हे दोन वैरी. निदान तीन पावसाळे गुरे आत सोडू नका, चारा कापून न्या. मार्चपूर्वी भोवती गवत काढून आगपट्टा करा. रानमोडी हे झुडपी तण वाढले तर ती रोपाभोवतीच कापा, बाकीची राहू द्या, माती तरी धरते. मेलेल्या रोपांच्या जागी पुढच्या पावसात नवी लावा. आणि दर जुलैत पायथ्याच्या खड्ड्यातून बाहेर पडणारे पाणी काचेच्या बाटलीत भरून ठेवा, दिवसभराने तळाला बसलेला गाळ बघा. तो दरवर्षी कमी होत नसेल तर नवे रोप आणू नका, माथ्यावरचा चर तपासा.